३२५ साली मतदान करून येशूला देव ठरवलं का? कादंबरी वाचून आलेल्या प्रश्नाला उत्तर

तू विचारलंयस की होस्टेलमधल्या मित्राने 'द दा विंची कोड' वाचायला दिली, त्यात लिहिलंय की ३२५ सालापर्यंत ख्रिस्ती लोक येशूला फक्त एक थोर माणूस, एक संदेष्टा मानायचे, मग सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाला बिशपांची सभा बोलावून मतदानाने त्याला देव ठरवलं, ऐंशीच्या वर शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनावरची पुस्तकं, होती त्यातली चार ठेवून बाकीची जाळून टाकली, आणि मग्दालीया मरीया ही येशूची बायको होती हे दडपलं. आणि आता रविवारी चर्चमध्ये विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारं विधान, म्हणताना तुझी जीभ अडखळते, पाळकांना विचारावं तर ते रागावतील असं वाटतं. मी बरीच वर्षं मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सुरुवातीचा इतिहास शिकवतोय, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच आणि विचारायलाच हवा, त्यामुळे आधी ती भीती काढून टाक. विश्वास कमी पडला म्हणून हा प्रश्न आलेला नाही, आपल्या मंडळ्यांमध्ये पहिल्या तीनशे वर्षांचा इतिहास कुणी शिकवतच नाही म्हणून आलाय. आपण बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकावरून थेट मिशनऱ्यांवर उडी मारतो, मधे काय झालं ते पोरांना कादंबऱ्यांमधून कळतं आणि मग आपणच म्हणतो की पोरं बहकली.

ही कादंबरी २००३ ची, डॅन ब्राउनची. कथा म्हणून कुणी वाचली तर माझी हरकत नाही. अडचण सुरुवातीच्या त्या एका पानाची आहे, जिथे कथा सुरू व्हायच्या आधीच 'तथ्य' म्हणून सांगितलंय की प्रायरी ऑफ सायन नावाची गुप्त संघटना १०९९ पासून खरोखर आहे आणि पुस्तकातली चित्रं, इमारती, कागदपत्रं यांची वर्णनं अचूक आहेत. त्यामुळे पुढे एखादं पात्र इतिहासाबद्दल काही बोललं की वाचक ते पात्राचं मत म्हणून घेत नाही, माहिती म्हणून घेतो. त्यात कॉन्स्टंटाइन खरा, नायसियाची सभा खरी, इजिप्तमध्ये सापडलेली नाग हम्मादीची पुस्तकं खरी, फिलिपचं शुभवर्तमान खरं, नावं सगळी खरी असतात म्हणून गूगल केलं की सापडतात आणि मग बाकीचंही खरं वाटायला लागतं.

म्हणून तुला एकच सवय लावायला सांगतो, कुठलाही दावा आला की आधी विचार, हे लिहिलेलं ३२५ च्या आधीचं आहे का नंतरचं. कारण अख्खा आरोप तारखेवर उभा आहे. ३२५ च्या आधी येशूला देव म्हणून भजणारी माणसं सापडली तर तो तिथेच संपतो, आणि ती माणसं ढिगाने सापडतात.

प्रेषित पौलापासून सुरू कर. फिलिप्पैकरांस पत्र, दुसरा अध्याय, ६ ते ११ ओव्या. पौल साधारण ६४ ते ६७ च्या दरम्यान रोममध्ये मारला गेला असं मानतात, म्हणजे हे पत्र त्याच्या आधीचं, आणि त्यात येशू देवाच्या स्वरूपाचा होता, त्याने स्वतःला रिक्त केलं, त्याच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल, असं लिहिलंय. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की ह्या ओळी पौलाच्याही आधीचं मंडळीतलं गीत असाव्यात. हे सगळं वधस्तंभानंतर तीसेक वर्षांच्या आतलं आहे, येशूला डोळ्यांनी पाहिलेली माणसं तेव्हा जिवंत होती. आणि पौल यहूदी, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परुशी पंथाचा, एका देवाशिवाय दुसऱ्या कुणापुढे मान न झुकवणारा, त्याला कुठल्या सम्राटाने हे लिहायला लावलं?

बायबलचा पुरावा बायबललाच कसा असं तुझा मित्र म्हणेल, म्हणू दे. मग त्याला प्लिनीचं पत्र दाखव. प्लिनी हा रोमन गव्हर्नर, ख्रिस्ती नाही, उलट ख्रिस्ती लोकांना मारणारा. साधारण ११२ साली त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं की ह्या लोकांचं करू काय. चौकशीत त्याला जे कळलं ते त्याने लिहिलंय, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र म्हणतात. खात्री करायला त्याने दोन गुलाम बायकांना यातना देऊन विचारलं, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत. आणि हा गव्हर्नर होता आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनिया प्रांताचा. नायसिया हे शहर त्याच बिथिनियात आहे! म्हणजे ज्या प्रांतात येशूला 'देव बनवलं' असं कादंबरी सांगते, तिथेच त्याच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी लोक त्याला देव म्हणून गात होते आणि त्यासाठी मरत होते. वर्गात हे पत्र वाचताना मी त्या दोन बायकांपाशी नेहमी थांबतो. त्यांची नावं प्लिनीने लिहिली नाहीत, पण आपल्या विश्वासाच्या ह्या इतक्या जुन्या पुराव्यात मार खाणाऱ्या त्या दोघीही आहेत.

अजून हवं असेल तर अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बेड्या घालून त्याला रोमला नेत होते, वाटेत त्याने पत्रं लिहिली त्यात तो सरळ 'आपला देव येशू ख्रिस्त' म्हणतो. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर भिंतीवर खरवडलेलं एक टवाळीचं चित्र सापडलंय, साधारण २०० सालचं धरतात, त्यात गाढवाचं डोकं असलेला माणूस वधस्तंभावर आहे आणि खाली लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. टवाळी करणाऱ्यालाही माहीत होतं की हे लोक वधस्तंभावरच्या माणसाला देव मानतात. आणि २००५ मध्ये इस्राएलात मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात खोदताना तिसऱ्या शतकातल्या एका प्रार्थनास्थळाची फरशी निघाली, तिच्यावर अकेप्तूस नावाच्या बाईने 'देव येशू ख्रिस्त' ह्याला स्मरण म्हणून मेज अर्पण केल्याचं ग्रीकमध्ये लिहिलंय.

मग नायसियाला झालं काय? सभा खरी, कॉन्स्टंटाइनने बोलावली हेही खरं, खर्च त्याचा, तो स्वतः हजर होता, आणि हे लपवायची काही गरज नाही. पण वाद 'येशू माणूस का देव' हा नव्हताच. अलेक्झांड्रियातला एरियस नावाचा पाळक शिकवत होता की पुत्र ही देवाची पहिली आणि सगळ्यात श्रेष्ठ निर्मिती, जगाच्या आधीची, त्याच्याचकडून जग निर्माण झालं, पण तो पित्यासारखा अनादि नाही. त्याचा बिशप अलेक्झांडर म्हणत होता की पुत्र पित्याइतकाच अनादि. म्हणजे दोन्ही बाजू येशूची उपासना करणाऱ्या, दोघांपैकी कुणीही त्याला नुसता मर्त्य संदेष्टा म्हणत नव्हतं. साधारण तीनशे बिशप जमले होते, परंपरेने ३१८ आकडा सांगतात, आणि शेवटी सही करायला नकार दिला फक्त दोघांनी, लिबियाकडचे सेकुंदस आणि थिओनस. 'थोडक्या मतांनी पास झालं' असं कादंबरी म्हणते, तर असं थोडकं होतं ते.

आता कुणी म्हणेल राजा समोर बसलेला असताना नाही कोण म्हणणार, आणि हा प्रश्न रास्त आहे, दबाव नव्हता असं मी म्हणणार नाही, नकार देणाऱ्यांना हद्दपार केलं हेही खरं. पण तिथे कोण बसलं होतं ते बघ. सम्राट डायोक्लेशियनने चालवलेला ख्रिस्ती लोकांचा छळ ३०३ ला सुरू झाला होता, त्याला जेमतेम वीस वर्षं झालेली. जुने इतिहासकार सांगतात की इजिप्तच्या पाफनुटियसचा एक डोळा छळात काढलेला होता, निओसीझरियाच्या पॉलचे हात तापलेल्या लोखंडाने जाळलेले होते. आधीच्या सम्राटापुढे येशूचं नाव सोडलं नाही म्हणून ज्यांची ही गत झाली, ते नव्या सम्राटाच्या सांगण्यावरून आपला देव बदलतील हे मला पटत नाही. आणि नंतर जे झालं ते कादंबरीत येतच नाही. थोड्याच वर्षांत कॉन्स्टंटाइनने एरियसला परत बोलावलं, नायसियाच्या बाजूने लढणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसला ३३५ मध्ये त्यानेच हद्दपार केलं, मरायच्या आधी ३३७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा केला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाने, आणि त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघड दुसऱ्या बाजूचा. अथनासियस एकूण पाच वेळा हद्दपार झाला. म्हणजे पुढची कित्येक वर्षं राजसत्ता बहुतेक वेळ नायसियाच्या विरोधातच झुकलेली होती आणि तरी तोच विश्वास टिकला, ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने तोच पक्का केला. आपण आज जो नायसियाचा विश्वासांगीकार म्हणतो तो ह्या ३८१ च्या रूपातला आहे. राजाच्या हुकमाने आलेली गोष्ट राजा फिरल्यावर गेली असती ना.

आता पुस्तकांचं. नायसियाच्या सभेने वीस नियम केले, ईस्टर कधी पाळायचा ह्यावर निर्णय घेतला, इजिप्तमधल्या एका फुटीवर बोलले. बायबलमध्ये कुठली पुस्तकं असावीत ह्यावर त्या नियमांमध्ये एक शब्द नाही. हा गैरसमज बहुतेक अशामुळे पसरला असावा की पुढे साधारण ३३१ मध्ये कॉन्स्टंटाइनने सीझरियाचा बिशप आणि इतिहासकार युसेबियस ह्याच्याकडून आपल्या नव्या राजधानीतल्या चर्चेससाठी पवित्र शास्त्राच्या पन्नास प्रती करून मागवल्या. त्या प्रती होत्या, निवड नव्हे. चार शुभवर्तमानांची निवड तर त्याच्या कितीतरी आधी झालेली. साधारण १७० च्या सुमाराला तातियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमानं गुंफून एक पुस्तक केलं, १८० च्या सुमाराला लियोनचा बिशप इरेनियस ठणकावून सांगतो की चारच, कमी नाहीत जास्त नाहीत. ऐंशी हा आकडा तर मला कुठल्याही जुन्या कागदात आजवर सापडलेला नाही. हां, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कडेची पुस्तकं ठरायला वेळ लागला. याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं, प्रकटीकरण, ह्यांच्यावर बरीच वर्षं चर्चा चालू होती, युसेबियस स्वतः लिहितो की काही सर्वमान्य आहेत, काहींवर वाद आहे. आजची २७ पुस्तकांची नेमकी यादी आपल्याला पहिल्यांदा अथनासियसच्या ३६७ च्या पत्रात दिसते. पण मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरात चढलं त्या दिवशी मूल जन्मलं असं कुणी म्हणत नाही.

निवड प्रत्यक्षात कशी व्हायची ह्याचं एक उदाहरण देतो कारण मला ते फार आवडतं. अंत्युखियाचा बिशप सेरापियन, साधारण २०० च्या आसपासचा. जवळच्या ऱ्होसस गावच्या मंडळीत 'पेत्राचं शुभवर्तमान' वाचायचं का ह्यावर भांडण लागलं. तो तिथे गेला, पुस्तक न बघताच म्हणाला एवढ्यावरून भांडता कशाला, वाचा. नंतर त्याच्या कानावर आलं की ह्यातून चुकीची शिकवण पसरतेय, मग त्याने पुस्तक मिळवून आख्खं वाचलं आणि मंडळीला पत्र लिहिलं की ह्यातलं बरंचसं ठीक आहे पण काही भाग भर घातलेला आहे. तो ज्यांच्या शिकवणीला घाबरत होता ते लोक काय म्हणत होते माहीत आहे? की येशूने खरं शरीर घेतलंच नाही, नुसता तसा भास होता. म्हणजे पुस्तक बाजूला पडलं ते येशूला कमी माणूस केल्याच्या संशयावरून! कादंबरी सांगते त्याच्या बरोबर उलट. आणि ह्यात सम्राट कुठेच नाही, सैनिक नाहीत, एक गावची मंडळी, एक बिशप, एक पत्र, आणि आपण घाईने परवानगी दिली हे लिहून ठेवणारा मोठेपणा.

जाळण्याबद्दल. ३२५ च्या आधी पुस्तकं जाळली गेली, पण ती आपली. ३०३ च्या हुकमात ख्रिस्ती शास्त्रग्रंथ जप्त करून जाळायला सांगितलं होतं. उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावच्या जप्तीचा सरकारी पंचनामाच शिल्लक आहे, अधिकारी वाचकांच्या घरोघर फिरतायत, कुणाकडून पाच पुस्तकं, कुणाकडून आठ. लोकांनी जीव दिला पण पुस्तकं दिली नाहीत, आणि ज्यांनी दिली त्यांना परत घ्यायचं का ह्यावरून आफ्रिकेतली मंडळी पुढे शंभर वर्षं फाटलेली राहिली. नंतर कॉन्स्टंटाइनने एरियसची पुस्तकं जाळायचा हुकूम काढला हेही खरं आहे आणि ते मला वाईट वाटतं, आपल्या इतिहासातली ती वाईट सुरुवात होती. पण ते एरियसचं लिखाण होतं, शुभवर्तमानं नव्हती.

मग ती 'दडपलेली' शुभवर्तमानं? १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मडक्यात तेरा पुस्तकं सापडली, कॉप्टिक भाषेतली, चौथ्या शतकातल्या प्रती. मृत समुद्राच्या गुंडाळ्या हा वेगळा विषय, १९४७ पासून कुमरानच्या गुहांमध्ये सापडलेलं ते यहूदी साहित्य आहे, त्यात येशूचा उल्लेखही नाही, कादंबरीने दोन्ही एका दमात घेतल्यामुळे फार लोकांचा घोटाळा होतो. नाग हम्मादीचे ग्रंथ इंग्रजीत केव्हाचे छापलेत, कुणीही वाचावेत, मी वर्गात वाचायलाच लावतो. वाचलं की कळतं की त्यांत 'साधा माणूस येशू' सापडतच नाही. एका ग्रंथात तर येशू वर बसून हसतोय आणि वधस्तंभ भलत्याच माणसाच्या खांद्यावर आहे. थकून विहिरीवर बसणारा, लाजराच्या कबरेपाशी रडणारा, गेथशेमानेत घाम गाळणारा, तहान लागली म्हणणारा येशू हवा असेल तर तो आपल्या चार शुभवर्तमानांतच आहे. आणि बाईच्या मानाचं म्हणशील तर त्याच संग्रहातल्या थॉमसच्या शुभवर्तमानाचं शेवटचं, ११४ वं वचन वाच, पेत्र म्हणतो मरीयेला जाऊ दे, बायका जीवनाला योग्य नाहीत, आणि येशू उत्तर देतो की मी तिला पुरुष करीन.

मरीयेबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय, कारण इथे कादंबरीचं उत्तर चुकीचं असलं तरी दुखणं खरं आहे. लग्नाचा पुरावा म्हणून फिलिपच्या शुभवर्तमानातलं, येशू मरीयेचं चुंबन घ्यायचा असं सांगणारं, वाक्य देतात. ते लिखाण साधारण तिसऱ्या शतकातलं धरतात, आणि नेमक्या त्या ओळीत पानाला भोक पडलंय, चुंबन कुठे हा शब्दच शिल्लक नाही, शिवाय त्याच ग्रंथात चुंबन ही आत्मिक गोष्ट आहे जी सगळे 'परिपूर्ण' लोक एकमेकांना देतात. २०१२ ला हार्वर्डच्या एका प्राध्यापिकेने येशूच्या पत्नीचा उल्लेख असलेला पपायरसचा तुकडा जाहीर केला होता, २०१६ पर्यंत तो बनावट असल्याकडेच पुरावा झुकतो हे त्यांनी स्वतः मान्य केलं. उलट लूक ८ उघड. बायकांची नावं येतात, त्यात योहान्ना ही खुजाची बायको अशी नवऱ्यावरून ओळखली जाते, आणि मरीया तिच्या गावावरून. पौल १ करिंथ ९:५ मध्ये पत्नीला बरोबर न्यायचा हक्क सांगताना प्रभूच्या भावांचा आणि पेत्राचा दाखला देतो, प्रभूचं स्वतःचं लग्न झालेलं असतं तर त्याच्याहून मोठा दाखला कुठला होता? यहूदी माणूस अविवाहित असूच शकत नाही हेही खरं नाही, एसेनी ह्या यहूदी पंथाच्या लोकांमध्ये ब्रह्मचर्य होतं, यिर्मयाला तर देवानेच लग्न करू नको सांगितलं. आणि हे मी लग्नाची लाज वाटते म्हणून म्हणत नाही, आपल्यात लग्न पवित्र आहे. पुरावा नाही, एवढंच.

पण ५९१ साली पोप ग्रेगरी पहिले ह्यांनी एका प्रवचनात मग्दालीया मरीया आणि लूक ७ मधली पापी स्त्री एकच धरली, आणि पश्चिमेकडे शेकडो वर्षं तिला वेश्या म्हणून रंगवलं गेलं. शुभवर्तमानात ह्याला आधार नाही, पूर्वेकडच्या मंडळींनी तसं कधी मानलं नाही, आणि कॅथोलिक मंडळीने १९६९ मध्ये उपासनेच्या कॅलेंडरमधून ती ओळख काढली, २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैचा तिचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला. कादंबरी तिला मोठं करायला कुणाची तरी बायको करते. योहान २० मध्ये ती उठलेल्या प्रभूला पहिली भेटलेली आणि शिष्यांना निरोप सांगायला पाठवलेली साक्षीदार आहे. हा मान तिला आपल्या व्यासपीठांवरून कितीदा देतात, हे तुझ्या पाळकांना नक्की विचार.

प्रायरीबद्दल फार नको. ती संघटना १९५६ मध्ये फ्रान्समध्ये पिएर प्लँटार्ड नावाच्या माणसाने नोंदवली, जुन्या वंशावळीचे खोटे कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले गेले. लिओनार्दोच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात कादंबरी जिला मरीया म्हणते तो गोरागोमटा तरुण योहान आहे, फ्लॉरेन्सचे चित्रकार त्याला असाच दाढी नसलेला काढायचे. आणि रविवार कॉन्स्टंटाइनने सुरू केला म्हणतात, त्याने ३२१ ला सुट्टी दिली, जमणं आधीचंच, जस्टिन हा ख्रिस्ती लेखक साधारण १५५ ला रविवारच्या उपासनेचं सविस्तर वर्णन करतो.

तू असंही विचारलंयस की अशी पुस्तकं वाचणं पाप आहे का आणि सिनेमावर बंदी घातली ते बरोबर होतं का. २००६ मध्ये सिनेमा आला तेव्हा भारतात काही राज्यांनी तो थांबवला, मुंबईत आपल्या लोकांनी निदर्शनं केली, सेन्सॉर बोर्डाने ही काल्पनिक कथा आहे अशी सूचना दाखवायला लावली. ज्यांनी निदर्शनं केली त्यांचं दुःख मला कळतं, ज्याला आपण प्रभू म्हणतो त्याच्याबद्दल कुणी खोटं बोललं तर लागतंच. पण बंदी मागितल्याने लोकांना वाटलं की ह्यांच्याकडे उत्तर नाही. उत्तर होतं, दोन हजार वर्षांचं, फक्त आपण ते मराठीत, सोप्या भाषेत, पोरांच्या हातात दिलं नव्हतं.

मित्राशी वाद घालू नकोस, त्याच्याबरोबर वाच. आधी फिलिप्पै २, मग प्लिनीचं पत्र, ट्राजनच्या उत्तरासकट, दोन्ही छोटी आहेत. मग थॉमस पूर्ण आणि लगेच मार्क पूर्ण, दोन्ही नेटवर फुकट मिळतात, मार्क मराठीत आहेच. एका बसणीत दोन्ही होतात. त्यालाच विचार की ह्यातला कुठला येशू तुला रस्त्यावर भेटेल असा वाटतो. त्याला जे प्रश्न पडतील ते मला पाठव, विशेषतः अथनासियसबद्दल, त्याच्यावर मी इथे फार धावतं लिहिलंय, त्याच्या हद्दपारीच्या वर्षांवर वेगळं लिहायला हवं.